अर्काचा गुण

डोक्याला मार बसल्यावर मेंदू वाचवणारा अर्क एका रानवेलीतून काढण्यात प्रोफेसरांची बारा वर्षं गेली होती. त्यावर त्यांचे पंधरा शोधनिबंध छापून आले, दोन पुरस्कार मिळाले आणि भाषणांना तर काही मोजदादच नव्हती. मग एका सकाळी प्रयोगशाळेच्या जिन्यावरून ते घसरले आणि डोकं कठड्यावर आपटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, पण नाव विचारलं की नुसते छताकडे बघायचे. साल सांगता येईना, बायकोलाही ओळखेनात. आठवडा असाच गेला. शेवटी बायकोनं प्रयोगशाळेतून मागवून घेतलेली हिरवी बाटली पर्समधून काढली.

"डॉक्टर, यांनीच शोधलेला अर्क आहे. दोन थेंब देऊन बघू का?"

डॉक्टर काही बोलणार, तोच प्रोफेसरांनी ताडकन उठून तिचं मनगट धरलं.

"अगं, वेडबीड लागलंय का तुला? त्यानं आजवर एका उंदरालासुद्धा गुण आलेला नाही!"



डॉक्टर हसले. "काळजी मिटली, ताई. सरांना सगळं आठवतंय."