तोतया
कोशातून निघालेलं फुलपाखरू मामांच्या बोटावर चढलं, पण त्याचे पंख चुरगळलेलेच राहिले. मामा प्रयोगशाळेतले शिपाई. सुरवंटांना तेच जीव लावून वाढवायचे. मागे सुट्टीत चारा संपला, तेव्हा त्यांनी घरच्या वेलाची हिरवीगार पानं आणून घातली होती. सुरवंटांनी ती बघता बघता फस्त केली होती. संशोधक बाईंनी पिंजऱ्यातला उरलेला देठ उचलला. “मामा, या पानांत तोतया अमिनो आम्ल असतं. पेशी फसल्या, आपलंच समजून त्यांनी ते प्रथिनांत बसवलं. त्याच प्रथिनांचे हे पंख.” “पण पोटभर जेवली होती हो लेकरं,” मामा पुटपुटले. फुलपाखरू पंख उघडायला धडपडत होतं. फुलपाखरं निघायच्या दिवशी मामा सकाळीच खिडकी उघडून ठेवायचे. आजही ठेवली होती. बोट जराही न हलवता त्यांनी ती लावून घेतली.