पुढच्या महिन्यातलं गिऱ्हाईक

“हे पिवळं दुपटं कोणत्या ऑर्डरचं गं?” सासूबाईंनी विचारलं, तशी मशीनवर बसलेली मृण्मयी गडबडली. आठव्या महिन्यातही ती गावभरच्या बाळांसाठी दुपटी शिवून विकत होती. पण आपल्या बाळासाठी जन्माआधी टाकासुद्धा घालायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक होता.

“एक नवं गिऱ्हाईक आहे,” ती खाली मान घालून म्हणाली. “पुढच्या महिन्यात येईल.”

सासूबाईंनी दुपटं उलटंपालटं करून पाहिलं, नाक मुरडलं आणि त्या आत गेल्या. परतल्या त्या आपलं धुऊन धुऊन मऊसूत झालेलं लुगडं घेऊनच.

“आतून हे लाव. नवं कापड गिऱ्हाईकाला टोचेल,” त्या म्हणाल्या. “आणि चांगली चार शिव. हे गिऱ्हाईक पहिलं तासाभरात ओलं करून परत देईल.”