पोटाची वही

"काका, नळी घालून आत बघावं लागेल," वही वाचता वाचता डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांची पाचावर धारण बसली. तीस वर्षं घाटातून बस चालवलेला माणूस, आताही दोन मजले काकूंच्या आधी चढून आला होता. पण घशातून नळी म्हटल्यावर सगळी ऐट उतरली.

सहा आठवड्यांपूर्वी ते इथेच पोट धरून कण्हत आले होते. दाढदुखीवर उपाशीपोटी गोळ्या खाल्ल्याचं फळ. तेव्हा बाईंनी समजावलं होतं की पोटाची सूज दोन तऱ्हेची असते. एक अचानक येते, आरडाओरडा करते आणि चार दिवसांत निघून जाते. दुसरी वर्षानुवर्षं मुरते. माणसाला तिची सवयच होऊन जाते. आपली कुठली ते कळायला रोज लिहून ठेवा.

लिहायचं काम अर्थातच काकूंकडे आलं. शाळेचे गणवेश शिवणारी बाई. एक टाका सुटायचा नाही, तशी एक तारीखही सुटली नव्हती.

"पहाटे जळजळ. दोन घासांत पोट भरलं. दुपारी मळमळ," डॉक्टरीणबाईंनी वाचलं. "अगदी कालपर्यंत. काका, ही जुनी सूज दिसतेय. अंगात रक्तही कमी असणार."

"छे हो! मी ठणठणीत आहे!"

"नळीचं नाव काढलं की सगळेच ठणठणीत होतात."

काकूंनी पर्समधून जळजळीवरची गोळी काढली. त्यांच्या पर्समध्ये ती कायम असायची. "घ्या, चघळा. बरं वाटेल."

"मला नकोय गं!"

काकूंनी ती आपल्याच तोंडात टाकली. पाकीट फोडलंच होतं, वाया कशाला घालवायची?

"अगं, सांग ना यांना! काल मी किती जेवलो?"

"दोनदा वाढून घेतलंत."

बाईंनी वहीतून मान वर केली. "मग काकू, हे सगळं कुणाला विचारून लिहिलंत?"

"पहिले चार दिवस यांनाच विचारलं," काकू म्हणाल्या. "पाचव्या दिवशी हे म्हणाले, आता काहीच होत नाही. पण तुम्ही तर रोज लिहायला सांगितलेलं, पान कोरं कसं सोडायचं? मग मी आपलं साधंच लिहीत गेले, सगळ्यांच्याच पोटात रोज होतं तेवढंच."