रीतसर

सासूबाईंना फोनवर माहिती शोधायला सुनेनेच शिकवलं होतं. पण साधं गुडघेदुखीचं शोधायचं झालं, तरी त्या आधी 'नमस्कार' लिहायच्या आणि शेवटी 'कृपया सांगावे'.

"आई, नुसते दोन शब्द टाकले तरी चालतं."

"परक्या माणसाला विचारायचं, तर रीतसर नको का विचारायला?"

सुनेचा स्वतःचा फोन नवऱ्याने लग्नानंतर महिन्याभरातच काढून घेतला होता. तो कामावर गेला की दाराची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असायची आणि नजर सुनेवर. आज त्या अंघोळीला गेल्या आणि फोन ओट्यावरच राहिला. आत बादलीत पाणी पडत होतं. 'बायकांसाठी आसरा' एवढंच शोधायचं आणि लगेच पुसून टाकायचं, असं ठरवून तिने शोधायच्या चौकटीवर बोट ठेवलं. एक अक्षर टाकायच्या आतच, त्या फोनवर आधी शोधलेलं सगळं खाली उलगडलं.



सगळ्यात वर होतं, 'नमस्कार. मुलाच्या नकळत सुनेला घेऊन घर सोडायचं आहे. दोघींना कुठे राहता येईल, कृपया सांगावे.'