रुमालाखालचा भाव

मलकापूरच्या बाजारात कापसाचा भाव आजवर मुकाट्यानं ठरायचा. दलाल पुंजाजी रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबायचा, ठरलेला भाव कापूस विकायला आलेल्या शेतकरीण चांगुणाला सांगायचा आणि ती मान डोलवायची. नवं राज्य आलं, रुमाल बंद झाला, उघडा लिलाव सुरू झाला. पहिल्याच दिवशी तिच्या बैलगाडीभोवती व्यापारी जमले. एक ओरडला, दुसरा त्याच्याहून मोठ्यानं, तिसऱ्यानं तर बाह्याच सरसावल्या. आता डोकी फुटणार, या धास्तीनं चांगुणा मधे शिरली. “भांडू नका, शेठहो. पह्यल्या भावानं घेऊन जा.” पुंजाजीनं तिला घाईघाईनं बाजूला घेतलं. “काऊन तोंडचा घास सांडून राह्यली, बाई? मुंबईच्या शेअरबाजारात असंच वरडतेत. जेवढं वरडतील तेवढा भाव चढते.” चांगुणानं त्याच्या खांद्यावरचा रुमाल मागून घेतला, जमिनीवर अंथरला आणि ती ऐसपैस बसली. “मंग भांडू द्या त्याहिले. मले घाई नाही.”