धुरा कुठं होता

बॅटरीची गाडी आवाज न करता निघाली आणि मारोतरावांना वाटलं, आपण जागे नाही. पायाखाली रस्ता सरकत होता, पण बैल नव्हते, धूळ नव्हती. दोन्ही अंगांना नुसती हिरवळ. डिसेंबरचं धुकं अजून उठलं नव्हतं. त्यात मध्येच एक लाल झेंडी दिसायची आणि विरून जायची. लांब टेकाडावर नव्या बंगल्यांची पांढरी रांग होती. ती जमिनीला टेकलेली वाटतच नव्हती.

शेजारी दौलत बसला होता. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांच्या मध्ये कंपनीनं दिलेले नारळ होते, शाली होत्या आणि कित्येक वर्षांचा अबोला होता.

ज्यांच्या जमिनी या गोल्फच्या मैदानात गेल्या, त्या साऱ्यांना आज कंपनीनं मानानं बोलावलं होतं. मारोतरावांना मैदानाशी काय करायचं होतं? फुलसावंगीत त्यांचं नवं घर झालं होतं, नव्या शेतात तूर डोलत होती. पण दौलत येणार असं कानावर आलं आणि त्यांनी कपाटातलं ठेवणीतलं धोतर काढलं. मरायच्या आधी एकदा धाकट्याच्या तोंडून 'दादा' ऐकावं, एवढीच आस होती. पण आधी बोलायचं कुणी? सख्खे भाऊ, पक्के वैरी. त्यातून दोघं एकाच बापाचे, म्हणजे हट्टाची वाटणी तेवढी अगदी बरोबर झालेली.

कारण काय, तर धुरा. दोन शेतांमधला गवताचा अरुंद पट्टा. बाप गेला, वाटणी झाली, मध्ये धुरा पडला. मग वखर हाकताना एका साली याचा बैल जरासा तिकडं जायचा, पुढच्या साली त्याचा जरासा इकडं. आमच्याकडे याला धुरा कोरणं म्हणतात आणि ते प्रत्येक जण करतो, फक्त आपण केलेलं कुणाला आठवत नाही. ज्या धुऱ्यावर बसून दोघांनी आईनं आणलेली भाकर एका फडक्यातून खाल्ली होती, तो इतका बारीक झाला की त्यावर धड पाऊल मावेना. एक दिवस शिवीगाळ झाली. मग तीही बंद झाली. जमीन विकतानासुद्धा दोघं सह्या करायला वेगवेगळ्या दिवशी गेले.

"आजोबा, तुमची शेतं इथंच होती बघा," गाडी चालवणारी खुशी म्हणाली. कंपनीतली ही मुलगी पुसदची होती, बोलायला गोड. तिनं गाडी थांबवली. "उतरून बघायचंय का?"

मारोतराव उतरले. चपला त्यांनी गाडीतच काढल्या. आपल्या शेतात ते कधी चपला घालून शिरले नव्हते. गवत गार होतं, मऊ होतं. त्यांनी डोळे मिटले आणि सगळं दिसायला लागलं. धुऱ्यावरचं हिवराचं झाड, पलीकडं दौलतच्या शेतातली विहीर, अलीकडं आपला फुटलेला कापूस. डोळे उघडले तर विहिरीच्या जागी तळं होतं आणि तळ्यात एका पायावर बगळा. सगळ्या मैदानात तो बगळा तेवढा ओळखीचा वाटला.

मागं चाहूल लागली. दौलतही उतरला होता. तोही अनवाणी.

दोघं अंतर राखून चालू लागले. माना खाली, काहीतरी हरवल्यासारखं. धुरा कुठंच नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन एकसारखी झाली होती, बापाच्या वेळी होती तशी.

"कुणाचं शेत कुठवर होतं, आजोबा?" खुशीनं गाडीतूनच विचारलं.

मारोतरावांनी हात उचलला. झेंडीच्या बऱ्याच अलीकडं बोट दाखवलं. "धुरा हा इथं होता. इथून पलीकडचं सारं दौलतचं."

बोट होतं तिथं त्यांचा स्वतःचा कापूस असायचा. हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. विकलेल्या जमिनीचं दान करायला काय जातं, असं कुणी म्हणेल. पण ते बोट उचलताना काय झालं, ते मारोतरावांनाच माहीत.

दौलतनं त्या जागेकडं बघितलं. मग तरातरा पुढं आला.

"कायच्या काय सांगून राह्यला दादा?" त्याचा आवाज फाटला होता. "धुरा इथं नोहता. तो तिकडं होता, तळ्यापाशी. हे सारं तुहं."

"मले शिकवतो? मी वखर हाकला इथं."

"मंग मी काय गोट्या खेळलो? तळ्यापर्यंत तुहं हाय."

"तुहं हाय म्हणलं ना."

"मी नाही घेत."

"कायले नाही घेत? घ्याच लागते तुले."

आवाज चढले. बगळा उडाला. बंगले बघायला आलेली मंडळी जागच्या जागी थांबली. टोपी घातलेले एक साहेब चेंडू मारायचा सोडून, काठी उगारलेलीच ठेवून इकडं बघत राहिले. मानानं आणलेले पाहुणे आता हाणामारी करतात की काय, या भीतीनं खुशी धावत आली आणि दोघांच्या मध्ये शिरू लागली.

"शांत व्हा ना आजोबा. तुम्ही दोघं रोज असंच भांडता का?"

मारोतरावांनी दौलतचं मनगट घट्ट धरलं होतं, लहानपणी जत्रेत धरायचे तसं. दुसऱ्या हातानं त्यांनी धोतराच्या सोग्याला डोळे पुसले.

"नाही पोरी," ते म्हणाले. "लय वर्सांनी भांडून राह्यलो. अजून जरासं भांडू दे."