चोरलेलं बी

भिंतीवर एक पाय टाकून ओतिलिया तशीच थबकली. कुत्रा भुंकला कसा नाही?

पलीकडचा कानेलो म्हणजे पाद्रीबाबालाही न सोडणारं जनावर. आज मात्र पायरीशी दोरीला बांधलेला, नुसतीच शेपटी हलवत होता. रविवारची घंटा मघाशीच झाली होती, म्हणजे धाकटी बहीण एतेल्विना चर्चला गेली असणार. दोघींच्या घरांमध्ये ही कमरेएवढी भिंत आणि बारा वर्षांचा अबोला. आई गेली, वाटण्या झाल्या, रसभरीची झुडपं धाकटीच्या वाट्याला गेली. तेव्हा जे बिनसलं ते बिनसलंच.

एकटीला जीव लावायला काहीतरी हवं, म्हणून ओतिलिया दर वर्षी रसभरीचं बी टाकायची. चुलीच्या उबेला मातीचा ट्रे ठेवून वीस-वीस दिवस त्याच्याशीच बोलायची. दुसरं होतं कोण? पण बाजारचं बी उगवायचं नाही, उगवलंच तर पहिल्या हिमात करपायचं. या डोंगरातल्या थंडीला पुरून उरायचं ते फक्त आईचं वाण. आणि आईच म्हणायची, दिलेलं बी रुजत नाही, मागितलेलंही नाही; चोरलेलंच रुजतं.

इतकी वर्षं मन धजलं नव्हतं. आज, अडुसष्टाव्या वर्षी, धजलं.

भिंतीलगतच्या फांद्या फळांनी लगडल्या होत्या. फळांवरची पातळ टोपरं वाळून कागदासारखी झाली, तरी कुणी हात लावला नव्हता. बाकी सगळी झुडपं खुडलेली. "आळशी मेली," असं पुटपुटत ओतिलियानं पाच फळं तोडली आणि अंगावरच्या लोकरी रुआनाखाली दडवली.

"फांदी मोडू नकोस म्हणजे झालं."

मागच्या दारात एतेल्विना उभी होती. तिचे केस इतके कधी पांढरे झाले, ओतिलियाला कळलंच नव्हतं.

"तू... चर्चला नाही गेलीस?"

"गुडघा धरलाय."

ओतिलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग मार हाका गावाला. सांग, बहीण चोर निघाली. सोड तो कुत्रा माझ्यावर!"

एतेल्विना लंगडत पायरीपर्यंत आली आणि कानेलोच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

"याला मी फक्त रविवारीच बांधते, ताई. याच्या आधी याच्या आईला बांधायची."